तिसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

नेव्हिल प्राउजला कुणी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. "तक्रार नाही. केली तरी ऐकतंय कोण!" दोन वर्षं पावसाने तोंड काळं केलं तेव्हा तो हेच म्हणाला. बापाला पुरून परतला तेव्हाही हेच. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर मामाने विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं, आणि ग्लेनिस पांढऱ्या झग्यात त्याच्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिला राग आला नाही. तीही कडीनाचीच होती.

ऑस्ट्रेलियातल्या त्या कडीना गावची माणसंच तशी. दहा किलोमीटरवर वॉलरूचा समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना गव्हाची आणि बार्लीची रानं, आणि बोलणं असं की शब्द जणू रेशनवर मिळतात. पीक विक्रमी आलं तर 'बरं आलं' म्हणायचं. कुणाचं घर जळून खाक झालं तर 'जरा काम निघालंय' म्हणायचं. जिवलग मित्राला हाक मारायची ती 'टकल्या', 'बावळटा' किंवा त्याहून वाईट; आणि ज्याच्याशी सगळे गोड बोलतात त्याने समजून घ्यायचं की आपलं इथे काही जमलेलं नाही. दुखण्याचंही तेच. दुखणं अंगावर काढायचं, आणि काढताना एखादा विनोद करायचा. चारचौघांत कण्हणारा माणूस कडीनात आयुष्यभर चेष्टेचा धनी होतो.

नेव्हिलच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. बाकीचं बोट धान्य वर चढवणाऱ्या यंत्राने खाल्लं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. हाताला फडकं गुंडाळून तो स्वतः गाडी चालवत गावच्या दवाखान्यात गेला आणि रांगेत एका शिंकणाऱ्या म्हातारीच्या मागे उभा राहिला. बेव्ह सिस्टरने टेबलामागून विचारलं, "काय रे नेव्ह, आज काय?"

"काही नाही गं बेव्ह. तुला वेळ असेल तर बघ. बोटाला जरा लागलंय."

बेव्ह सिस्टरने फडक्याकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्या ओठांचा रंग पाहिला, म्हातारीला बाजूला केलं आणि त्याला आत ओढलं. तुटलेला तुकडा त्याच्या जेवणाच्या डब्यात निघाला, सँडविचशेजारी. पुढे कित्येक वर्षं ती सांगायची, "नेव्हने 'जरा' म्हटलं की मी धावत सुटते. ज्या दिवशी तो 'बरंच' म्हणेल ना, त्या दिवशी डॉक्टरच्या आधी पाद्र्याला फोन करीन." सगळा दवाखाना हसायचा. नेव्हिल सगळ्यांत जास्त हसायचा.

नेव्हिल फिटर होता. कोरड्या जमिनीत खोल पेरणी करणारं एक यंत्र त्याने आणि त्याच्या मालकाने वीस वर्षं खपून बनवलं होतं. मालक थकला, तेव्हा अमेरिकेतल्या, आयोवा राज्यातल्या एका कंपनीने कारखाना विकत घेतला, आणि यंत्राबरोबर यंत्र कळणारा माणूसही मागितला. तीन वर्षांसाठी. ग्लेनिसने नकाशावर आयोवा शोधलं. समुद्र कुठे आहे ते बघायला तिने बोट सरकवलं, तर ते कुठल्याही बाजूला गेलं तरी संपेना.

"समुद्र नाही तिथे," ती म्हणाली.

"मका आहे की," नेव्हिल म्हणाला. "होईल नीट."

'होईल नीट' हा त्याचा दुसरा मंत्र. तो म्हणाला की घरातलं बोलणं तिथे संपायचं.

गेले ते मार्च महिन्यात, कडीनाचा उन्हाळा अंगात घेऊन, आणि उतरले ते घोट्याएवढ्या बर्फात. घर चांगलं होतं. कंपनीने दिलेलं, दोन मजली, खाली तळघर, पुढे हिरवळ, आणि आजूबाजूला अगदी तशीच तीस घरं. एकाही घराला कुंपण नव्हतं, आणि तरी कुणी कुणाच्या अंगणात येत नव्हतं. पायी तर कुणीच जात नव्हतं. ग्लेनिस पहिल्या आठवड्यात दुकानात चालत निघाली, तर तीन गाड्या थांबल्या आणि तिन्ही बायकांनी विचारलं, "काही मदत हवीय का? गाडी बंद पडली का?"

ऊन पडलं तशी तिने मागच्या अंगणात दोरी बांधली आणि चादरी वाळत घातल्या. संध्याकाळी शेजारची ऑड्रे आली. सत्तरीला टेकलेली विधवा, केस नेहमी सेट केलेले, आवाज साखरेच्या पाकातला.

"अगं ग्लेनिस, मला काहीसुद्धा वाटत नाही हं. मला तर ते बघून माझ्या आईची आठवण आली. पण आपल्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम आहे. समितीचं पत्र यायच्या आत म्हटलं मीच सांगावं."

"ऑड्रे, पण हे ऊन मग कशासाठी असतं?" ग्लेनिसने खरंच विचारलं. ऑड्रे गोड हसली आणि आपल्या घराकडे वळली.

नेव्हिलने दोरी सोडली आणि तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीच्या बाजूला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधून दिली. कोपऱ्यात वाळवायचं यंत्र होतंच, पण ग्लेनिस हट्टाला पेटली होती. तळघरात कपडे दोन दिवसांनी वाळायचे आणि त्यांना ओल्या सिमेंटचा वास यायचा. ती तिथे एकटी चिमटे लावत उभी राहायची. रडू यायचं, पण रडण्याएवढं काय झालंय, असं ती स्वतःलाच विचारायची आणि वर यायची.

नेव्हिलचं त्याहून वाईट चाललं होतं, फक्त ते दिसत नव्हतं. कामावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने एका अगडबंब वेल्डरला लाडाने 'सुकड्या' म्हटलं. कडीनात त्या हाकेने दोस्तीचा पाया पडला असता. इथे त्याला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं, आणि एका तरुण मुलीने त्याला अर्धा तास समजावलं की माणसाच्या शरीराबद्दल बोलू नये. त्याने त्या वेल्डरची माफी मागितली. त्या दिवसानंतर तो कामावर फक्त यंत्राबद्दल बोलायला लागला.

"इथे माणसाला शिवी द्यायची सोय नाही गं," तो जेवताना म्हणाला. "मग दोस्ती करायची तरी कशी?"

टीगन, त्यांची मुलगी, हसली. ती तेरा वर्षांची होती. पहिल्या दिवशी ती कडीनाच्या शाळेच्या सवयीने उन्हासाठीची रुंद काठाची टोपी घालून गेली होती आणि वर्गात हसं करून घेऊन परत आली होती. पण पोरांना नवं गाव लवकर मानवतं. मे महिन्यापर्यंत तिचे शब्द बदलले. पिझ्झा अफलातून, बाई अफलातून, मोजेसुद्धा अफलातून. तिच्या हाताला शाळेत फांदीचं कुसळ लागलं, तेव्हा तिथल्या नर्सने विचारलं की दहापैकी किती दुखतंय, आणि टीगनने आठ सांगितलं.

"आठ?" नेव्हिलने घास खाली ठेवला. "कुसळाला आठ? मग नऊला काय, मुंडकं छाटायचं?"

"बाबा, इथे विचारतात तेव्हा सांगायचं असतं," टीगन म्हणाली. "नाही सांगितलं तर त्यांना कळणार कसं?"

"बघावं की माणसाच्या तोंडाकडे."

"ते तुला ओळखतात का, तोंडाकडे बघून कळायला?"

नेव्हिलने आपलं अर्धं बोट तिच्या नाकासमोर नाचवलं. "हे साडेतीन होतं. लिहून ठेव."

जूनमध्ये ऑड्रेने दालचिनी घातलेला सफरचंदाचा केक आणला आणि समोर बसून खायला लावला. नेव्हिलने तीन तुकडे खाल्ले, ताटलीतला चुरा बोटाने पुसला आणि म्हणाला, "वाईट नाही." ऑड्रेचा चेहरा खर्रकन उतरला. ती चहा न घेताच उठली. आठवडाभर तिने पडदे उघडले नाहीत की हात हलवला नाही. शेवटी ग्लेनिसच तिच्या दारात गेली.

"ऑड्रे, तुम्ही त्याचं मनावर घेऊ नका. लग्नाआधी माझ्या आईच्या हातची, खिमा भरून भाजलेली पेस्टी खाऊन तो एवढंच म्हणाला होता. 'वाईट नाही.' आईने त्याच दिवशी मला सांगून टाकलं, पोरगा चांगला आहे. त्याच्याकडे याच्या वरचा शब्दच नाही हो. तुमचा केक त्याला इतका आवडला की तो रात्री उठून उरलेला खात होता."

ऑड्रे आधी बघत राहिली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या रविवारी सगळ्या गल्लीला माहीत झालं की त्या ऑस्ट्रेलियन माणसाने 'वाईट नाही' म्हटलं की आनंदाने उड्या मारायच्या. ग्लेनिसलाही बरं वाटलं. आपल्या माणसाचं बोलणं इथल्या माणसांना उलगडून सांगता येतं, एवढं तरी आपल्याला जमतं, असं तिला वाटलं.

ऑक्टोबर आला. मका कापणीला आला, आणि नेव्हिलच्या यंत्राचा दिवस ठरला. गुरुवारी एका मोठ्या शेतावर ते पहिल्यांदा लोकांसमोर चालणार होतं. चार राज्यांतले शेतकरी बघायला यायचे होते. नेव्हिल तोंडाने काही बोलत नव्हता, पण शर्टाला इस्त्री कर असं त्याने ग्लेनिसला दोनदा सांगितलं. लग्नानंतर ते पहिल्यांदाच.

सोमवारी रात्रीच्या जेवणात त्याने पेस्टी अर्धी ठेवली.

"काय रे?" ग्लेनिसने विचारलं.

"काही नाही. पोटात जरा धरलंय."

जरा. ग्लेनिसने तो शब्द ऐकला. पुढे तिला आयुष्यभर स्वतःला हे सांगता येणार नव्हतं की तो ऐकला नव्हता. मंगळवारी सकाळी तो पलंगाच्या कडेला बसला, बुटांच्या नाड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि नाड्या नसलेले रबरी बूट चढवून कामावर गेला. दुपारी तो लवकर परतला, तेव्हा ती दारात किल्ल्या घेऊन उभी होती. टीगन शाळेतून नुकतीच आली होती. तीही गाडीत बसली.

गावातला दवाखाना किराणा दुकानाच्या शेजारी होता. छोटासाच, दोन खोल्यांचा. गुलाबी बूट घातलेल्या एका तरुण नर्सने नेव्हिलचा ताप पाहिला. थोडासाच होता. मग तिने एक प्लास्टिकचा तक्ता पुढे केला. त्यावर ओळीने दहा चेहरे काढलेले होते, पहिला हसणारा, दहावा ओक्साबोक्शी रडणारा, आणि खाली आकडे.

"यातलं कुठलं तोंड तुमचं, सांगा बरं."

नेव्हिलने अर्धं बोट तिसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं. "हा. हा जरा माझ्यासारखा देखणा दिसतोय."

नर्स खुदकन हसली आणि तिने तीन लिहिलं.

"बाबा, खरं सांग ना," टीगन म्हणाली.

"खरंच सांगतोय. पोट माझं आहे ना?"

डॉक्टर आला. त्याने पोट दाबून पाहिलं. नेव्हिल छताकडे बघत होता, आणि दाबलं तेव्हा त्याने विचारलं, "तुमच्याकडची कापणी उरकली का हो?" पलंगाच्या कडेला त्याचा डावा हात होता. त्या हाताची बोटं पांढरी पडलेली फक्त ग्लेनिसला दिसली.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. घाईतही नव्हता. तो वळला आणि त्याने ग्लेनिसला नीट विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का? तुम्ही यांना ओळखता."

ग्लेनिसने तोंड उघडलं. तेवढ्यात नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. विनवून पाहिलं. गुरुवार आहे, असं ती नजर म्हणत होती; उगाच बोभाटा नको. ग्लेनिसच्या आईने तिला लहानपणापासून हेच शिकवलं होतं. परक्यांसमोर नवऱ्याला पोर करू नये, बोभाटा करू नये. आणि बाहेर आणखी माणसं बसली होती.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "तसं काही नाही."

डॉक्टरने पित्ताचं औषध दिलं, आणि वाढलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जा, असं दोनदा बजावलं. गाडीत नेव्हिलने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. टीगन मागे खिडकीला नाक लावून बसली होती. 

बुधवारी दुपारी दुखणं एकदम कमी झालं. नेव्हिल टोस्टचा एक तुकडा खाऊन म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना, होईल नीट." ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. तिने तळघरात जाऊन त्याचा निळा शर्ट दोरीवरून काढला आणि इस्त्री केली.

गुरुवारी सकाळी सात वाजता तो निळा शर्ट घालून स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा शिळ्या कणकेसारखा दिसत होता. त्याने ओट्याची कड धरली.

"ग्लेन," तो म्हणाला. "बरंच दुखतंय."

तिच्या हातातला कप खाली पडला. त्याला धरू की फोन उचलू, हे तिला कळेना. फोन टीगनने लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, किती दुखतंय, तेव्हा तेरा वर्षांची पोर ओरडली, "खूप! खूप दुखतंय! माझे बाबा मरतायत!"

हॉस्पिटलात आत नेताना एका वयस्कर नर्सने स्ट्रेचरवर वाकून त्याला विचारलं, "कसं वाटतंय, मिस्टर प्राउज?"

"तक्रार नाही," नेव्हिल म्हणाला. पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. दार मिटलं. ग्लेनिसने त्याचा आवाज ऐकला तो तेवढाच.

अपेंडिक्स बुधवारीच फुटलं होतं. दुखणं कमी झालं ते त्यामुळे. विष सगळ्या अंगात पसरलं होतं. ऑपरेशन करणारी सर्जन बाई बाहेर येऊन भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मला समजत नाही. या अवस्थेत माणसाला सरळ उभंही राहता येत नाही. आणि हे कामावर जात होते? काही बोलले नाहीत?"

"बोलला," ग्लेनिस म्हणाली. "जरा, म्हणाला."

बाईला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. शनिवारी दुपारी नेव्हिल गेला. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता.

यंत्र गुरुवारी चाललं. उत्तम चाललं म्हणे. प्रार्थनासभेत कंपनीचा मोठा साहेब उभा राहिला आणि त्याने सांगितलं की नेव्हिल अफलातून माणूस होता, असामान्य होता, त्याच्यासारखा दुसरा होणे नाही. ग्लेनिस पहिल्या बाकावर कोरडी बसून होती. कडीना असतं तर कुणीतरी टोपी हातात घेऊन उठला असता आणि म्हणाला असता, "बावळट होता लेकाचा. पण वाईट नव्हता." आणि सगळं चर्च ढसाढसा रडलं असतं. इथे ते वाक्य बोलणारं कुणी नव्हतं, आणि ते ऐकायला मिळालं नाही म्हणून तिला रडताही आलं नाही.

त्यांचा अमेरिकेतला मुक्काम नेव्हिलच्या नोकरीला बांधलेला होता. कंपनीने घर वर्षाअखेरपर्यंत ठेवू दिलं, टीगनची सहामाही पुरी व्हावी म्हणून, आणि सत्तावीस डिसेंबरची परतीची तिकिटं काढून दिली. दोघींची. नेव्हिल जायचा होता तो राख होऊन, एका चौकोनी डब्यातून, ग्लेनिसच्या मांडीवर. तोपर्यंत डबा कपाटावर होता.

ऑड्रे रोज यायची. बटाट्याचं, चीजचं, नूडल्सचं काहीबाही भाजून आणायची आणि विचारायची, "कशी आहेस गं?"

"वाईट नाही," ग्लेनिस म्हणायची.

एक दिवस ऑड्रेने भांडं ओट्यावर ठेवलं आणि ती गेली नाही. "ग्लेनिस, तुमच्या 'वाईट नाही'ला मी पूर्वी फसायचे. आता नाही. तूच तर येऊन समजावलंस मला. आठवतंय? केकच्या वेळी."

 ग्लेनिस जिन्याच्या पायरीवर बसली.

"एका केकसाठी मी तुमच्या दारापर्यंत आले, ऑड्रे," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि तिथे डॉक्टर माझ्यासमोर उभा होता. त्याने मला विचारलं. त्याने मला विचारलं हो! एवढंच सांगायचं होतं, की याने तीन म्हटलं की नऊ धरा. केकचं सांगितलं. पोटाचं नाही सांगितलं." ती हुंदके देऊ लागली, मोठ्याने, तोंड न झाकता. ऑड्रेने तिला जवळ घेतलं. 

टीगनने मात्र बोलणं सोडलं. जे बोलायची ते दोन शब्दांत, आणि ते शब्दही कडीनाचे. 'अफलातून' तिच्या तोंडून गेलंच. शाळा कशी होती? 'बरी.' जेवण कसं झालंय? 'वाईट नाही.' रडली तर नाहीच. बापाच्या खुर्चीत, बापासारखा एक पाय पुढे ताणून बसायची. ग्लेनिस तळघरात कपडे वाळत घालायला गेली की तिला दोरीच्या टोकाशी नेव्हिलचे कामाचे मोजे दिसायचे. ते तिने काढले नव्हते. ऑक्टोबरपासून तिथेच होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर काचेसारखा बर्फ गोठला. टीगन शाळेतून आली, सरळ खोलीत गेली, आणि खाणं मांडल्यावर खाली येऊन डाव्या हाताने खायला लागली. उजवा हात मांडीवर, अंगातल्या जाड स्वेटरच्या बाहीत.

"हाताला काय झालं?" ग्लेनिसने विचारलं.

"काही नाही. बसथांब्यावर घसरले. जरा लागलंय."

ग्लेनिसच्या हातातला डाव भांड्यात पडला. तिने गॅस बंद केला, कोट घेतला, किल्ल्या घेतल्या. टीगन म्हणत होती, "आई, होईल नीट, राहू दे," आणि ग्लेनिस तिला कॉलरला धरून गाडीकडे नेत होती.

दवाखाना तोच. किराणा दुकानाच्या शेजारचा. बाहेर पाचसहा माणसं बसली होती, खोकणारी, पेंगणारी. नर्सही तीच, गुलाबी बूटवाली. तिने ग्लेनिसला ओळखलं नाही. दिवसातून चाळीस माणसं बघणाऱ्या पोरीने का ओळखावं? तिने बाही वर केली. मनगट टम्म सुजून वाकडं झालं होतं. मग तिने तो तक्ता काढला आणि टीगनसमोर धरला.

"यातलं कुठलं तोंड तुझं, सांग बरं."

टीगनने डाव्या हाताचं बोट तिसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं. आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून, नखाएवढं, बापासारखं हसली.

"धीराची आहे हं पोर," नर्स म्हणाली आणि तिने पेन उघडलं.

"थांब," ग्लेनिस म्हणाली. "लिहू नकोस. तिचं ऐकू नकोस."

"आई!"

"धीर नाही तो," ग्लेनिसचा आवाज चढला. "आम्ही बोलतो असं. आमच्याकडे असंच बोलतात, मेलो तरी असंच. हिने तीन म्हटलं की तू नऊ धर. ऑक्टोबरमध्ये हिचा बाप याच खुर्चीत बसला होता, याच चेहऱ्यावर त्याने बोट ठेवलं होतं, आणि मला डॉक्टरने विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तो गेला."

नर्सचा हात थांबला. तिला आता आठवलं. देखणा चेहरा दाखवून हसवणारा, अर्ध्या बोटाचा माणूस. 

"आई, लोक बघतायत," टीगन दातओठ खात पुटपुटली. "बोभाटा नको ना."

"बोभाटाच करायचाय मला!" ग्लेनिस ओरडली. बाहेर बसलेली माणसं माना वळवून पाहू लागली. तिने टीगनचं बोट धरलं आणि तक्त्यावरून पुढे सरकवलं, चौथ्यावरून, पाचव्यावरून, सहाव्यावरून, आठव्याच्याही पुढे. टीगनने बोट मागे ओढायचा प्रयत्न केला. मग तिच्या बोटातला जोरच गेला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा ती मोठ्याने, लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून रडायला लागली. "दुखतंय," ती म्हणाली. "आई, खूप दुखतंय गं."

"हो," ग्लेनिस म्हणाली. "मला माहितीय."

नर्सने कागदावर आकडा लिहिला. ग्लेनिसने पोरीचं डोकं पोटाशी धरूनच टेबलावर वाकून तो पाहिला. नऊ होता. नर्स आत जाईपर्यंत ती तो आकडा परत परत वाचत राहिली.